१९७६ ची मोटो गुत्सी ८५० टी३ : कॅफे रेसर करायची आहे, मागची फ्रेम कापू का?

बारामतीकर_तोरिनोत

नमस्कार मंडळी,

इथे इटलीत अस्तीजवळच्या एका गावातून मोटो गुत्सी ८५० टी३ ही मोटरसायकल घेतली आहे, १९७६ ची. ज्या आजोबांची होती ते वारले, मुलांना गाडीत रस नाही. धान्याच्या कोठारात ताडपत्रीखाली वीसेक वर्षं उभी होती. ३,२०० युरोला सौदा झाला. मूळ नंबरप्लेट आहे, लिब्रेत्तो म्हणजे इथलं आरसी बुक आहे. इंजिन जाम नाही. प्लग काढून, गिअर टाकून मागचं चाक फिरवलं की दोन्ही पिस्टन वरखाली होतात. अजून स्टार्ट केलेली नाही.

मी बारामतीचा. वडील पियाज्योच्या कारखान्यात होते, आपे रिक्षा त्यांच्या डोळ्यांसमोर बनल्या. २००४ मध्ये पियाज्योने मोटो गुत्सी घेतली, तेव्हा घरी आलेल्या कंपनीच्या कॅलेंडरवर मी पहिल्यांदा ते बाहेर आलेले दोन सिलिंडर पाहिले. तेव्हापासून ही गाडी डोक्यात आहे. इथे नोकरी लागली आणि योग आला.

आता मला ही कॅफे रेसर करायची आहे. डोळ्यांसमोर चित्र आहे ते असं : एका माणसाची, मागे कुबड असलेली सीट, क्लिप-ऑन म्हणजे पुढच्या शॉकच्या नळ्यांना आवळलेलं बुटकं हँडल, मागे घेतलेले फूटरेस्ट, एअर बॉक्स म्हणजे हवेच्या फिल्टरचा डबा काढून शंकूचे फिल्टर, आखूड सायलेन्सर, पाइपांना उष्णतारोधक पट्टी. मीटर एकच, छोटा. इंडिकेटर दिवे, चार्जिंगचा दिवा, सगळे बल्ब काढून टाकायचे. बॅटरी हातात मावेल एवढी आणि सीटखाली नजर आरपार गेली पाहिजे.

इथल्या एका वर्कशॉपवाल्याने सांगितलं की शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या मागची फ्रेम कापून वळवलेली नळी वेल्ड करून देतो, चारशे युरो. मला विचारायचंय ते हे. फ्रेम कापावी का? इंजिन हाताने फिरतंय, तर ते न उघडता आधी बाहेरचं काम उरकावं का? या गाडीत पायाचा ब्रेक दाबला की पुढची एक डिस्कही लागते, ती भानगड काढून टाकावी का? आणि शेवटचं, पुढे कधीतरी गाडी बारामतीला नेता येईल का?

कुणी असं काम प्रत्यक्ष केलं असेल तर सविस्तर लिहा, ही विनंती.

आरडी_३५०_पुणे

भाई, जबरदस्त घबाड लागलंय तुला. माझं मत सरळ आहे : काप. माझ्या राजदूत ३५० ची शेपटी मी कापली, तेव्हा घरातल्यांनीसुद्धा वेड्यात काढलं होतं. आज गाडी उभी केली की लोक थांबून बघतात. कॅफे रेसर म्हणजे मुळात कापाकापीच. पन्नास-साठच्या दशकात लंडनच्या एस कॅफेवर जमणाऱ्या पोरांनी कुणाला विचारलं होतं? नको ते सगळं काढायचं, वजन कमी करायचं, हँडल खाली घ्यायचं आणि पळवायची. तुझी गाडी, तुझे पैसे. म्युझियममध्ये ठेवायला घेतलेली नाहीस.

इंजिन फिरतंय ना? मग नवीन तेल, नवे प्लग, कार्ब्युरेटर साफ, आणि किक मार.

तळ्याकाठची

बारामतीकर, अभिनंदन. आणि पहिली गोष्ट : ही गाडी आज, उद्या, परवा, स्टार्ट करू नकोस. (टी३ ला किक नाहीच, बटणावर आहे, त्यामुळे मोह जास्त होतो.) का ते खाली लिहिते.

मी कोमो तळ्याकाठी लेक्कोला राहते, गुत्सीचा कारखाना असलेलं मांदेल्लो इथून दहाएक किलोमीटरवर, याच तळ्याच्या काठी. माझ्याकडे टी३ च आहे आणि ती मी कॅफे रेसर केली आहे, फ्रेमला करवत न लावता. गुत्सीत अख्खी नोकरी केलेल्या एका निवृत्त कामगारांच्या हाताखाली शिकत शिकत केली. त्यामुळे पुढचं जे लिहिते ते हात काळे करून लिहिते आहे.

फ्रेमपासून सुरुवात करू, कारण सगळा मुद्दा तिथेच आहे.

१९६७ मध्ये विक्रीला आलेली गुत्सीची पहिली व्ही७ आठव. तिचा डायनॅमो दोन सिलिंडरांच्या मधल्या खाचेत, इंजिनाच्या वर बसायचा. फ्रेम आणि टाकी त्याच्याही वरून न्यावी लागायची, म्हणून गाडी उंच आणि बोजड. गुत्सीचा इंजिनिअर लिनो तोंती याला त्याच इंजिनावर स्पोर्ट गाडी करायची होती. त्याने तो डायनॅमो काढला आणि बॉशचा अल्टरनेटर क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) पुढच्या टोकावर बसवला. खाच मोकळी झाली. मग त्याने फ्रेमचा कणा त्या खाचेत खाली उतरवला. इंजिन ७५७ वरून ७४८ सीसी केलं, ७५० च्या शर्यतीच्या वर्गात बसावं म्हणून. अशी १९७१ ची व्ही७ स्पोर्ट झाली. लांब, बुटकी, हँडल खाली. पुढे १९७६ ला ८५० ल मॉन्स आली तीही याच फ्रेमवर. म्हणजे कारखान्यानेच दोनदा कॅफे रेसर करून दिली आणि दोन्ही वेळा फ्रेम हीच वापरली. तुझ्या टी३ च्या सीटखाली मुळात तीच फ्रेम आहे.

एकदा टाकी आणि सीट उतरव आणि गाडीकडे बाजूने नुसतं बघ. जवळजवळ सगळ्या नळ्या सरळ आहेत. फ्रेमच्या डोक्यापासून, म्हणजे हँडल जिथे बसतं तिथून, मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मपर्यंत त्रिकोणच त्रिकोण. खालच्या दोन नळ्या वेल्ड केलेल्या नाहीत, बोल्टच्या आहेत. त्या सोडवल्या, इंजिनाखाली लाकडी ठोकळे दिले, की वरची फ्रेम उचलून इंजिनापासून वेगळी करता येते. क्लच बदलायला इकडचे जुने मिस्त्री असंच करतात. ज्या माणसाने एवढा विचार केला, त्याच्या कामात कुणीतरी चारशे युरो घेऊन वळवलेली नळी जोडणार, हे मला बघवत नाही. आणि त्याने गाडी हलकी किती होणार? दोन-अडीच वितींची पोकळ नळी जाणार आणि तिच्या जागी दुसरी येणार.

आरडी_३५०_पुणे, तुमचा उत्साह मला आवडला, पण एस कॅफेच्या पोरांचं उदाहरण उलटं आहे. त्यांची सगळ्यात नावाजलेली गाडी कुठली? ट्रायटन. नॉर्टनच्या फेदरबेड फ्रेममध्ये ट्रायम्फचं इंजिन. त्यांनी इंजिन बदललं, टाकी बदलली, हँडल बदललं आणि फ्रेम ठेवली. कारण मॅककँडलेस बंधूंची ती फ्रेम त्या काळी सगळ्यात चांगली वळायची, आणि ते त्या पोरांना माहीत होतं. जे उत्तम आहे ते ठेवायचं आणि बाकीचं त्याच्या तोलाचं करायचं, असं ते काम होतं. टी३ मध्ये उत्तम आहे ती फ्रेम.

आता कुबडाची सीट कशी? मूळ सीट ज्या बिजागऱ्यांवर आणि खटक्यावर बसते, त्यावरच नव्या सीटची पाटी बसव. मागचा मडगार्ड ज्या बोल्टांना धरला आहे, त्याच बोल्टांना कुबडाच्या आतून पट्ट्या दे. मागे गेलेल्या नळ्या कुबडाच्या आत लपतात. कुबड जरा लांब होईल, पण ल मॉन्सची सीट बघ, तीही लांबच आहे आणि या लांब गाडीला तेच शोभतं. आखूड शेपटी जपानी चार सिलिंडरच्या गाडीवर छान दिसते. इथे पुढे एवढं रुंद इंजिन असताना मागे एकदम तोडलं की गाडी पुढे कललेली वाटते.

आता इंजिन, आणि स्टार्ट का करायची नाही. त्या काळच्या टी३ चे सिलिंडर अ‍ॅल्युमिनियमचे आहेत आणि आतून कठीण क्रोमचा मुलामा आहे. वापरात असलेल्या गाडीत तो खूप टिकतो. पण गाडी वर्षानुवर्षं ओलसर जागी उभी राहिली की क्रोमच्या बारीक भेगांतून ओल आत शिरते, खालचं अ‍ॅल्युमिनियम फुगतं आणि मुलामा सुटायला लागतो. इंजिन हाताने फिरतं याचा अर्थ एवढाच, की पिस्टन चिकटलेला नाही. सुटलेले क्रोमचे तुकडे काचेसारखे कठीण असतात. ते तेलात उतरले की क्रँकच्या बेअरिंगपर्यंत जातात, आणि मग सिलिंडरच्या कामाचं क्रँकचं काम होऊन बसतं.

म्हणून क्रम असा धर. तेल काढ. सम्प म्हणजे इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं खाली उतरव, कारण टी३ चा तेलाचा फिल्टर सम्पच्या आत आहे, बाहेरून हात पोचत नाही. फिल्टर करवतीने काप, आतला कागद उलगड, उन्हात धर. चमकणारे सपाट कण दिसले तर समजून जा. चुंबक फिरवून काही चिकटलं नाही म्हणून निर्धास्त राहू नकोस, क्रोम चुंबकाला चिकटत नाही. मग हेड उतरव. रॉकेलच्या फडक्याने सिलिंडर पूस आणि आत टॉर्च मार. चांगलं क्रोम आरशासारखं दिसतं. पिस्टनची वरची रिंग जिथून परत फिरते त्या पट्ट्यात, आणि जिथे पिस्टन वीस वर्षं थांबून राहिला होता त्या पट्ट्यात नीट बघ. करडे डाग, सुईने टोचल्यासारखी छिद्रं, नख अडकेल अशी कड, यातलं काहीही दिसलं तर ते सिलिंडर संपले.

संपले तर रडू नकोस. गुत्सीचे सिलिंडर-पिस्टनचे संच जिलार्दोनी बनवते, आणि जिलार्दोनी मांदेल्लोतच आहे. त्यांचा मुलामा निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा असतो, तो असा सुटत नाही.

ब्रेक. पायाच्या पेडलला मागची डिस्क आणि पुढची डावी, हाताच्या लिव्हरला पुढची उजवी. याला तू भानगड म्हणालास. मी सांगते, पावसात वालसास्सिनाच्या डोंगरी खोऱ्यातून लेक्कोकडे उतारावर येताना या ब्रेकइतका भरवसा मला दुसऱ्या कुठल्याच जुन्या गाडीने दिलेला नाही. पाय दाबला की गाडी पुढे न झुकता सबंध खाली बसते. तो तसाच ठेव. ब्रेकच्या तेलाचे जुने रबरी होज मात्र सगळे काढ, आतून फुगून बंद होतात. स्टीलच्या जाळीचे घाल, कॅलिपर उघडून सील बदल. फूटरेस्ट मागे घेताना बाजारातला कुठलाही संच उचलू नकोस, पायाच्या ब्रेकचा मास्टर सिलिंडर, म्हणजे तेलाला दाब देणारा पंप, जागेवर राहील असाच घे. आणि समजा हट्टाने पुढच्या दोन्ही डिस्क हाताला जोडल्यास, तर मूळ हाताचा मास्टर सिलिंडर एकाच कॅलिपरपुरता आहे हे लक्षात ठेव. दोन कॅलिपरांना तेवढं तेल पुरत नाही, लिव्हर मुठीला लागते. १५-१६ मिलिमीटरचा घालावा लागेल.

पुढचे शॉक. नळ्या ३५ मिलिमीटरच्या आहेत, क्लिप-ऑन त्या मापाचे घे. आतला डँपर बंद काडतूस असतो, त्याचं तेल त्याच्या पोटात. बाहेरून ओततो ते तेल नुसतं वंगणाचं. म्हणून पुष्कळ जण जाड तेल घालून बघतात आणि काहीच फरक पडत नाही. काडतूस मेलं असेल तर काडतूसच बदलायचं. क्लिप-ऑन बसवल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघ, अंगठा टाकीत चेंगरता कामा नये.

आता ते दिवे. चार्जिंगचा लाल दिवा काढू नकोस! या बॉशच्या अल्टरनेटरमध्ये रोटरला सुरुवातीचा करंट त्या बल्बमधूनच मिळतो. बल्ब काढला किंवा त्या जागी नुसता एलईडी लावला, की गाडी चार्जच करत नाही. मग माणसं रेग्युलेटर बदलतात, डायोडची पाटी बदलतात, रोटर काढतात, आणि दोष असतो तो मीटरमधल्या बल्बचा. देखण्या केलेल्या गुत्सी रस्त्याच्या कडेला बंद पडलेल्या दिसतात त्यातल्या बऱ्याच याच कारणाने. छोट्या मीटरजवळ तीन वॉटचा एक साधा बल्ब लपव, काम होतं. बॅटरीही अगदी हातात मावेल एवढी नको. मोठे दोन पिस्टन फिरवायचे असतात, थंडीत स्टार्टर भरपूर ओढतो. छोटी चालेल, पण स्टार्टरला झेपेल अशी, आणि मूळ जागेवर. सीटखालून आरपार दिसण्यापेक्षा जानेवारीत तोरिनोत गाडी बटणाला चालू होणं जास्त मोलाचं आहे.

एअर बॉक्स काढलास तर देलोर्तो कार्ब्युरेटरचे जेट नव्याने जमवावे लागतील, आणि क्रँककेसमधून येणाऱ्या वाफेची नळी हवेत सोडून देऊ नकोस, तिला तेल वेगळं करणारा डबा हवा. सायलेन्सर बदल, पण इंजिनाखाली दोन पाइपांना जोडणारा आडवा पाइप ठेव. तो काढला की मधल्या आरपीएमचा जोर जातो, आणि गुत्सी चालवण्यातली मजा तिथेच आहे. पट्टी गुंडाळूच नकोस, ओल धरते आणि पाइप आतल्या आत सडतात.

शेवटी कागद. इथल्या वाहतूक कायद्याच्या ७८ व्या कलमाखाली गाडीच्या मूळ बांधणीत बदल केला तर मोतोरित्सात्सिओनेकडून, म्हणजे इथल्या आरटीओकडून, तपासणी करून लिब्रेत्तोत नोंद करावी लागते. कापलेल्या, वेल्ड केलेल्या फ्रेमला ती नोंद मिळवणं फार कठीण. दर दोन वर्षांनी रेव्हिझिओने म्हणजे गाडीची सक्तीची तपासणी आहेच. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा फ्रेमच बघणार. शिवाय ए.एस.आय. (जुन्या गाड्यांची संघटना) किंवा एफ.एम.आय. (मोटरसायकल महासंघ) यांच्या ऐतिहासिक नोंदवहीत नाव घालायचं तर गाडी मूळ रूपात असावी लागते. सगळं बोल्टवर केलंस तर तो दरवाजा तुझ्यासाठी उघडा राहतो, कापलीस तर कायमचा बंद. आपल्याकडेही मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ हेच सांगतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं आहे.

आणि हो, खर्च करायच्या आधी पी.आर.ए. मधून, म्हणजे इथल्या वाहन मालकीच्या नोंदणी कार्यालयातून, नंबरप्लेटची व्हिझुरा म्हणजे नोंदीचा उतारा काढ. इतकी वर्षं उभी असलेली गाडी नोंदणीतून काढून टाकलेली असू शकते, ते लिब्रेत्तोवरून कळत नाही.

उद्यमनगर_कोल्हापूर

भावा, ताईंनी सांगितलंय ते सोळा आणे खरं. माझं कोल्हापुरात उद्यमनगरात मशीन शॉप आहे, सिलिंडर बोअरिंग हाच धंदा. गुत्सी आमच्याकडं कुठनं येणार, पण क्रोमचे बोअर असलेले टू-स्ट्रोक सिलिंडर हातनं पुष्कळ गेलेत. तेवढ्यावरनं दोन-चार गोष्टी सांगतो.

क्रोमचा बोअर ओव्हरसाइझ होत नाही. लोखंडी सिलिंडर कसा अर्धा मिलिमीटर उघडून मोठा पिस्टन घालतो, तसं इथं चालत नाही, मुलामा गेला की खाली मऊ अ‍ॅल्युमिनियम. कुणी होनिंग म्हणजे बोअर घासून देतो म्हणाला तर तिथनं गाडी उचल. जुना मुलामा उतरवून निकेलचा नवा चढवता येतो, नाहीतर बिडाचा लायनर, म्हणजे आतलं नळकांडं, ठोकता येतो. लायनर स्वस्त पडतो, आपल्याकडं सगळे तेच करतात. पण हवेवर थंड होणाऱ्या इंजिनला लायनर आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्यात फट राहिली की उष्णता बाहेर पडत नाही, पिस्टन धरतो. तुझ्या दारात मूळ कारखान्याच्या गावचा संच मिळत असेल तर तोच घे, लायनरच्या नादाला लागू नकोस.

सिलिंडर चांगले निघाले, तरी रिंगा बदलताना एक बघ. क्रोमच्या बोअरला क्रोमची रिंग कधी घालायची नाही. दोन्ही कठीण, एकमेकांना ओरबाडतात. साधी बिडाची रिंग लागते. आणि बोअर गेजनं वर, मधी, खाली, अशा तीन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं माप घे. नुसत्या डोळ्यानं चमक बघून खूश होऊ नकोस, बोअर लांबट झाला असला तरी चमकतोच. गुत्सीच्या सिलिंडरवर आणि पिस्टनवर ए, बी, सी अशी खूण असते असं पुस्तकात वाचलंय. खुणा जुळल्या पाहिजेत.

बारामतीला गाडी आणायचं म्हणतोस, तर साधी वापरलेली गाडी आपल्याकडं तीन वर्षांपेक्षा जुनी आयात होत नाही. व्हिंटेजची वाट वेगळी आणि तिच्या अटी वेगळ्या. आणि तिथंही मूळ रूपातल्या गाडीलाच मान. कापलेली फ्रेम घेऊन कस्टमच्या दारात उभा राहू नकोस. वडिलांना तिकडं बोलव, मागं बसव. त्यासाठी तरी मूळ सीट जपून ठेव!

बारामतीकर_तोरिनोत

ताई, दादा, मनापासून आभार. ताई, तुमचं उत्तर मी छापून गॅरेजच्या भिंतीला लावलं आहे.

व्हिझुरा काढली. गाडी नोंदणीत आहे, काही थकबाकी नाही. वर्कशॉपवाल्याला नाही सांगितलं.

या शनिवारी सम्प उतरवला. तळाशी काळा गाळ बोटभर. फिल्टर कापून कागद उलगडला, तर घड्यांमध्ये चमकणारे कण आहेत. बरेच. चुंबक फिरवला, काही चिकटलं, बरंचसं नाही. मग हेड उतरवले. उजवा सिलिंडर स्वच्छ आहे, आरशासारखा. डाव्यात खालच्या बाजूला नखाएवढा तुकडा उडालेला आहे आणि भोवती करडी कड. गाडी डाव्या स्टँडवर उभी होती, त्यामुळे तसं झालं असेल का?

आता उजवा चांगला असताना फक्त डावा बदलावा का? आणि क्रँकपर्यंत काही गेलं असेल का, हे इंजिन पूर्ण न उघडता कसं कळेल? फ्रेम कापायचे चारशे युरो वाचले आहेत, ते इथेच घालीन.

तळ्याकाठची

छान केलंस, आणि अगदी वेळेवर केलंस.

स्टँडचं नक्की कारण सांगणं कठीण आहे. पण डावा सिलिंडर जमिनीकडे झुकलेला असतो आणि ओल तिथे जास्त काळ राहते, हे खरं. कारण काहीही असो, फक्त एक बदलू नकोस. नव्या मुलाम्याचा आणि जुन्या क्रोमचा पिस्टन वेगळा, वजन वेगळं. दोन मोठ्या पिस्टनांच्या इंजिनात वजनातला फरक थेट हँडलवर जाणवतो. संच घे, दोन्ही बाजू एकदमच बदल.

क्रँकबद्दल. कण फिल्टरमध्ये सापडले ही चांगली गोष्ट, पण फिल्टर तुंबला की तेल त्याला वळसा घालून पुढे जातं. आणि बोटभर गाळ म्हणजे फिल्टर बरीच वर्षं कुणी बघितलेलाच नाही. सिलिंडर निघाल्यावर कनेक्टिंग रॉड मोकळे दिसतील. एकेक रॉड हातात धरून सरळ वर-खाली हलव. बाजूला सरकतो ते चालतं, वर-खाली टकटक लागता कामा नये. मग खालून रॉडच्या टोप्या काढ आणि बेअरिंगचे कवच बघ. सम्प उतरवलेलाच आहे, त्यामुळे हे इंजिन खाली न काढता जमतं. कवच राखाडी, गुळगुळीत असेल तर ठीक. गोलाईच्या दिशेने रेघा असतील, किंवा आत चमकणारे ठिपके रुतलेले दिसले, तर मात्र इंजिन खाली काढ. क्रँकच्या आत तेलाच्या वाटेवर एक पोकळी आहे. गाळ तिथे साचतो आणि तिला बूच आहे. ते बूच काढून पोकळी साफ केल्याशिवाय नवे सिलिंडर बसवायचे नाहीत. नाहीतर वीस वर्षांचा गाळ नव्या बेअरिंगांत जातो.

इंजिन खाली आलंच तर तोंतीची फ्रेम तुझ्यासमोर एकटी उभी असेल. तेव्हा ती धुऊन काढ, वेल्डांपाशी तडे बघ, विशेषतः स्टँडच्या आणि खालच्या नळ्यांच्या बोल्टांच्या आसपास. रंग त्याच वेळी दे. रंग देताना डोक्याजवळचा फ्रेम नंबर झाकून घे, पावडर कोटिंगचा जाड थर त्यावर बसला तर रेव्हिझिओनेत वाचता येत नाही. क्लचच्या चकत्याही तेव्हाच मोज, आणि मागे शाफ्टच्या युनिव्हर्सल जॉइंटमध्ये ढिलाई आहे का ते हाताने पिळून बघ. परत हे सगळं एवढं उघडं मिळणार नाही.

पैशांचा क्रम माझ्या मते असा : सिलिंडर, बेअरिंग लागले तर ते, होज आणि ब्रेक, टायर, शॉकची काडतुसं. टायरवर चार आकडी तारीख असते, आठवडा आणि वर्ष. नक्षी कितीही खोल असली तरी ते जुने टायर काढून टाक. हे सगळं झाल्यावर सीट आणि क्लिप-ऑन. तोवर जुन्या सीटवर, उंच हँडलवर हजारेक किलोमीटर चालव. नवे पिस्टन बसतील आणि गाडी मुळात कशी वळते ते तुला कळेल. हँडल किती खाली हवं, फूटरेस्ट किती मागे हवेत, हे त्यानंतर आपोआप ठरतं. आणि एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते. उभ्या गाडीला थ्रॉटल दिलास की ती उजवीकडे झुकेल. क्रँक लांबीच्या दिशेने आहे म्हणून तसं होतं, त्यात बिघाड काही नाही.

क्लिप-ऑन, जुन्या ल मॉन्सचे फूटरेस्ट, सीटच्या पाट्या हे सगळं मिलानजवळ नोव्हेग्रोच्या जुन्या सामानाच्या बाजारात हातात घेऊन बघता येतं. इंटरनेटवर फोटो बघून घेण्यापेक्षा तिथे ये. मी जाते तेव्हा इथे आधी लिहीन. येताना मूळ सीटखालची बिजागरी आणि मागच्या मडगार्डच्या बोल्टांमधलं अंतर मोजून कागदावर आण, आणि डाव्या फूटरेस्टपासून गिअरच्या दांड्यापर्यंतचंही. उजव्या बाजूला पायाच्या मास्टर सिलिंडरचा फोटो वरून आणि मागून असे दोन काढ. तेवढं असलं की कुठला संच बसेल ते तिथेच ठरवू.